गार दुधाचा थर्मास

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि आत ब्रिजिट सिस्टर असल्या, तर तुमचं काही खरं नाही. नमस्कार-चमत्कार नाही, सरळ प्रश्न. "दात पडला. पहिलं काय करशील?"

सिस्टर नर्सिंग कॉलेजात उभा जन्म शिकवून रिटायर झालेल्या. एकट्या राहतात. समोर वर्ग उरला नाही म्हणून वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला सगळे त्यांचे विद्यार्थी. इस्त्रीवाला आता झोपेतही सांगेल, की दात वरच्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, गार दुधात टाकायचा आणि डेंटिस्टकडे पळायचं. मी मात्र दरवेळी नापास. एकदा वैतागून म्हटलं, "छपरावर टाकीन, उंदीरमामा नवा देईल." अख्खी लिफ्ट हसली, सिस्टर सोडून. तशाही त्या मोकळ्या हसत नाहीत. हसू आलंच तर तोंडावर रुमाल. मला वाटायचं, बाईंची शिस्त.

घरी बसवेना म्हणून त्यांनी संशोधन काढलं, खेळताना तोंडाला होणाऱ्या दुखापतींवर. नर्सिंगच्या पोरींना हे कोणी धड शिकवत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. आता मी पडलो मंडळाचा चिटणीस, आणि मंडळ दरवर्षी इथल्या आमदारसाहेबांच्या नावाने कबड्डी भरवतं. सिस्टर विचारायला आल्या, आजवर किती खेळाडूंचे दात गेले? आमच्या अध्यक्षांनी छातीठोक सांगितलं, साहेबांच्या चषकात कोणाला काही होत नाही. मग त्यांनी खेळणाऱ्या पोरींसाठी दातांवर बसवायची रबरी कवचं मागितली. अध्यक्ष म्हणाले, त्यापेक्षा टी-शर्ट देऊ, त्यावर साहेबांचा फोटो येतो. कवच तोंडात गेल्यावर फोटो दिसणार कोणाला? आता बोला.

तेव्हापासून सिस्टर दर स्पर्धेला थर्मासात गार दूध घेऊन मैदानाच्या कडेला बसतात. सामने संपले की मी चहाला बोलावतो. "नको रे, दूध वाचलंय, त्याचाच करीन," म्हणतात आणि एकट्या चालायला लागतात.

यंदा माझी लेक तन्वी संघात होती. कोपऱ्यात खेळते, चढाईवाली आली की थेट घोट्यावर झडप. सकाळपासून माझा जीव टांगणीला. त्यात साहेबांच्या गाड्या गेटात शिरल्या, ढोल सुरू झाले, माइकवर माझं नाव पुकारलं. शाल-श्रीफळ हातात घेऊन मी निघालो आणि चढाईवालीची टाच तन्वीच्या तोंडावर बसली.

मी धावलो. मॅटवर तिचा पुढचा दात, मुळासकट. आधी दात पुसू, म्हणून मी साहेबांची शाल पुढे केली.

"मुळाला हात लावायचा नाही."

सिस्टरनी दोन बोटांत दात उचलला, थर्मासात सोडला. अध्यक्ष कानाशी म्हणत होते, सत्कार उरकून जा, पाच मिनिटांचं काम. मी शाल-नारळ त्यांच्या हातात कोंबले. गेट तर गाड्यांनी बंद. सिस्टर पुढे झाल्या आणि ढोलवाल्यांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना असं झापलं, की पहिल्या वर्षाच्या पोरींसारखे बाजूला झाले. रिक्षात थर्मास त्यांच्या मांडीवर होता. मी देवाला काय काय कबूल केलं, ते मलाच आठवत नाही.

डॉक्टरांनी दात जागेवर बसवला, बारीक तारेने बांधला. वेळेत आणलात, म्हणाले, पण धरेल की नाही ते काही आठवड्यांनी कळेल. तन्वी रडत होती. सिस्टर तिच्याशेजारी बसल्या, स्वतःच्या तोंडात बोट घातलं आणि एका दाताची कवळी काढून रुमालावर ठेवली.

"तुझ्याएवढीच होते, खेळतानाच पडला. माझ्या बाबांनी धुतला आणि कौलांवर टाकला. मायेनेच गं. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं."

मला लिफ्ट आठवली. मान वर करवेना.

बाहेर आल्यावर सिस्टरनी रिकामा थर्मास हलवून बघितला. आज चहाला दूध नाही, एवढंच म्हणाल्या. तन्वीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सोसायटीत आल्यावर सरळ आमच्या घरात नेऊन ठेवला. मग सिस्टरना यावंच लागलं.

चहा झाला. मी फोनवर कळलेलं सांगत होतो, अध्यक्षांनी म्हणे शेवटी दात पुसायला पुढे केलेली तीच शाल झटकून साहेबांना पांघरली. सिस्टर हसायला लागल्या. हसतच राहिल्या, पुढची फट दिसेपर्यंत. कवळी अजून रुमालात होती, आणि रुमाल तन्वीच्या हातात.