दारावरची दहावी

बायको, माया, गेल्याचं कळलं त्या दिवशी म्हाळू खुटबाव स्टेशनापासून मैलभर लांब रुळावर होता. रूळ दुरुस्तीच्या गँगमधला सतीश स्लीपरांवरून पळत आला. स्टेशनमास्तरांकडं पुण्याच्या दवाखान्यातून फोन आला होता. म्हाळूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हातातला बोल्ट पुरता आवळला, कारण मागून गाडी यायची होती. मग तो खाली खडीवर बसला.

पुढचं सगळं रीतीनं झालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे जेवून हात धूत होते, तेव्हा म्हाळूची थोरली बहीण झुंबरबाई बोलली. ती राहू गावाला दिलेली. तिचा आवाज मात्र राहूहून खुटबावला सहज ऐकू यावा असा!

"म्हाळू, राजश्रीला अठरा पुरी झाली. आईच्या दुखण्यात नववीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. औंदा उजवून टाक."

राजश्री मागं भांडी घासत होती. तिचा हात थांबला. म्हाळूनं ते पाहिलं. शेवटच्या महिन्यात मायाच्या तोंडी एकच वाक्य होतं, माझ्यापायी पोरीची शाळा गेली. म्हाळू उठून उभा राहिला.

"राजश्री दहावी होणार! सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा, मार्चात परीक्षा द्यायची!"

"आन् शिकवणार कोण?"

"मी!"

एका पाहुण्याला ठसका लागला. म्हाळू चौथी शिकलेला, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

"चौदा माणसांची गँग चालवतो मी! दोन रुळांतलं अंतर सूतभर चुकू देत न्हाई. एका पोरीची शाळा चालवायला काय लागतंय? प्रश्न पुस्तकात असतोय, उत्तर गाईडात असतंय. मधी मास्तर कशाला ठेवत्यात, तेच मला आजवर कळलं न्हाई!"

"आरं पण शाळा भरवणार कुठं? कणगीत?"

झुंबरबाईनं वर्मावर बोट ठेवलं होतं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, कणगी, सायकल आणि रात्री शेळी. मागच्या खोलीत चूल आणि ट्रंका. वर्गाला जागा म्हणून वीतभर भुई मोकळी नव्हती. पण म्हाळू हटला नाही. एक वर्ग मिळत नाही तर त्यानं प्रत्येक विषयाला वेगळी जागा दिली! मराठी चुलीपाशी, कारण भाकरी थापता थापता कविता पाठ होतात. इतिहास खाटेवर, कारण तो पडून ऐकता येतो. भूगोल सायकलच्या मागं, कारण नकाशा तिथंच मावला. विज्ञान अंगणात शेळीजवळ. शेळीनं पहिल्याच आठवड्यात वनस्पतींचं प्रकरण खाल्लं!

तास बदलायला म्हाळू गँगची शिट्टी फुंकायचा. शेजारची दगडाबाई गाडी आली समजून धावत जाऊन म्हैस आवरायची. उत्तर गाईडाशी जुळलं की म्हाळू जुना हिरवा झेंडा दाखवायचा, नाही जुळलं की लाल. राजश्री आधी हसायची, मग चूक शोधायची. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, ते याच झेंड्याला.

अडलं ते गणितावर. त्याला फळा हवा. म्हाळूनं पुढच्या दाराला आतून काळा रंग दिला. फळा झकास झाला! पण दार उघडं असलं की फळा भिंतीकडं तोंड करायचा, आणि दार लावलं की खोलीत इतका अंधार, की बेरीज सोडा, बाप कुठं बसलाय तेही राजश्रीला दिसेना. दोन दिवस त्यांनी कंदिलावर बीजगणित केलं. तिसऱ्या दिवशी म्हाळूनं पहार घातली, दार बिजागरीतून उचकटलं आणि अंगणात लिंबाच्या खोडाला टेकवून उभं केलं. अंगणातच सतरंजी टाकली. आता ऊन होतं, वारा होता, फळा होता. फक्त घराला दार नव्हतं.

अशातच सतीशनं निरोप आणला. त्याचे मामा मारुतराव गुरुजी यवतला मास्तर होते. ते म्हणाले, "रविवारी दोघा शिक्षकांना घेऊन येतो. मुलगी तयार वाटली तर यंदाच फॉर्म भरू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! वर्षभर झुंबरबाईला थोपवून धरणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं, हे म्हाळू जाणून होता. तो कामाला लागला. घराला चुना दिला. समाजमंदिरातून चार खुर्च्या आणल्या. राजश्रीला नवा ड्रेस घेतला. दगडाबाईनं हे सगळं पाहिलं आणि तिच्या पोटात ते राहीना. बाजारात झुंबरबाई भेटल्यावर तिनं सगळं ओकलं.

"तुमच्या भावानं घर रंगवलं, खुर्च्या आणल्या, पोरीला कापडं घेतली. रविवारी पाव्हणं येणार म्हणं! दार सुद्धा काढलंय, माणसांची ये-जा व्हावी म्हणून!"

झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. म्हणजे भावानं परस्पर स्थळ बघितलं! सख्ख्या बहिणीला न विचारता! तिच्याकडं भीमेपलीकडचं, शिरूर तालुक्यातलं एक नामी स्थळ तयार होतं. तिनं त्यांना त्याच रविवारी सकाळी धाडायचं ठरवलं. दुसऱ्यांच्या आधी! वर बजावून सांगितलं, "भावाची तयारी झालीय. पण बायको गेल्यापासून लग्नाचं नाव काढलं की भडकतोय. तो शब्द तोंडातनं काढू नका. नुसतं पोरीला काय ते इचारा. मी मागनं येतेच."

रविवारी दहाला जीप थांबली. तिघं उतरले. पुढं पांढऱ्या टोपीतले शंकरराव, मागं त्यांचे भाऊ रखमाजी, आणि शेवटी शंकररावांचा मुलगा विश्वजीत. केस तेलानं चापून बसवलेले, खिशाला दोन पेनं. म्हाळूला शंकाच उरली नाही. मास्तर अधिक दोन, तीन! आणि दोन पेनं!

"जय भीम! या, बसा," म्हाळू म्हणाला. विश्वजीतचं कोवळं तोंड बघून त्यानं विचारलं, "आन् ह्यो बी परीक्षेचाच का?"

"तर हो! ह्याची तर आज मोठीच परीक्षा!" रखमाजी हसले.

म्हाळूनं मान डोलावली. म्हणजे जोडीला दुसरा विद्यार्थी आणलाय, ताडून बघायला. हुशार माणसं!

राजश्री बाहेर आली. हातात पोह्याचा ट्रे नव्हता, वही होती. शंकररावांनी भावाकडं पाहिलं. भावानं आभाळाकडं पाहिलं.

"नाव काय बाळ?"

"राजश्री."

"स्वयंपाक येतो का?"

"येतो की!" म्हाळू मध्येच म्हणाला. "पण त्यो इषय आपल्याला न्हाई. गणित इचारा!"

"गणित?"

"बिचकू नका. अवघडातलं अवघड इचारा!"

शंकररावांनी घसा खाकरला. "बरं... चार माणसांना पाच भाकरी लागल्या, तर बावीस माणसांना किती?"

"साडेसत्तावीस," राजश्री म्हणाली.

म्हाळूनं गाईड भराभरा उलटलं. त्यात भाकरीचं गणित नव्हतं. रखमाजी मात्र बोटांवर मोजून म्हणाले, "बराबर हाय!" म्हाळूनं लगेच हिरवा झेंडा फडकवला. रखमाजी खुर्चीसकट मागं सरकले.

"हे काय?"

"पास! आता ह्याचं बघू." म्हाळूनं विश्वजीतच्या हातात खडू दिला आणि त्याला दारापुढं उभं केलं. "लिही. अ वर्ग वजा ब वर्ग. अवयव पाड."

विश्वजीतनं बापाकडं पाहिलं. बाप पुटपुटला, "लिही की! भीमेच्या अलीकडं अशी रीत असंल."

"आबा, आपल्याकडं तर नुसतं खाली बघून बसायचं असतंय."

"गप! लिही!"

विश्वजीतनं अ लिहिला. बराच वेळ अ कडं बघितलं. मग एक ब लिहिला आणि कपाळाचा घाम खडूच्याच हातानं पुसला. म्हाळूनं गाईडाशी ताडून पाहिलं. लाल झेंडा! सवयीनं शिट्टीही वाजली. पलीकडं दगडाबाईनं म्हैस आवरली आणि ती म्हशीसकट बघायला आली. तोवर गल्ली जमली होतीच.

"असं न्हाई," राजश्री हळूच म्हणाली. तिनं खडू घेतला. "हितं दोन कंस करायचे. एकात बेरीज, एकात वजाबाकी. आता गुणून बघा. मधलं जातं का न्हाई?"

विश्वजीतनं गुणलं. मधलं गेलं. त्याचं तोंड असं उजळलं, जणू पाच वर्षांपूर्वी चुकलेलं वासरू दावणीला आलं! "आयला! मला हे कुणी सांगितलंच न्हाई कवा!"

एवढ्यात झुंबरबाई पोचली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात साडीची पिशवी.

"म्हाळू! आरं जावयाला उन्हात काय उभं केलंयस!"

म्हाळूनं एकदा खुर्च्यांकडं पाहिलं, एकदा विश्वजीतकडं, मग हातातल्या लाल झेंड्याकडं.

"जावई?"

"मग तुम्ही आम्हाला काय समजला, पाव्हणं?" शंकररावांनी विचारलं.

"मास्तर."

"मला?" रखमाजी उसळले. "मी तर अजून अंगठा लावतो!"

आधी दगडाबाई हसली, मग सगळी गल्ली. हसला नाही तो फक्त म्हाळू. कारण जीपच्या मागं खरे मारुतराव गुरुजी दोघा शिक्षकांसह सायकली लावत होते, आणि हा सगळा तमाशा त्यांनी पाहिला होता. वर्ष वाया गेलं, म्हाळूच्या मनात आलं. गेली शाळा. त्यानं झेंडे पाठीमागं लपवले.

गुरुजी आले. फळ्यावरचे कंस वाचले. "हे कुणी लिहिलं?"

"मी," राजश्री म्हणाली.

"का येतं हे, सांग."

तिनं सांगितलं. गुरुजींनी आणखी चार प्रश्न विचारले. तीस माणसं आणि एक म्हैस बघत असताना तिनं चारही प्रश्नांची उत्तरं दिली. एक चुकलं. ते तिनं स्वतःच ओळखून दुरुस्त केलं.

"यंदा बसू दे हिला," गुरुजी म्हणाले. "फॉर्म मी दौंडला पोचवतो."

"आन् सोयरिकीचं काय?" झुंबरबाईनं नारळ आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

राजश्री शंकररावांपुढं आली. "मामा, दहावी होईस्तोवर मला काही इचारू नका. मग बी मीच सांगीन काय ते."

शंकररावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "बाई, तुला काय इचारणार? आमचंच झाकलेलं हाय. पोरगा दहावी पास म्हणून सांगितलं तुझ्या आत्याला. त्यानं गणितात दोनदा गटांगळी खाल्लीय."

"आँ?" झुंबरबाई मटकन बसली.

विश्वजीत खाली बघत म्हणाला, "गुरुजी, मला बी सतरा नंबर भरू द्या."

"तुला सतरा नंबर लागत नाही रे. तू नापास आहेस, थेट परत बसायचं!" गुरुजींनी हे इतक्या आनंदानं सांगितलं, की विश्वजीतला तो मानच वाटला.

"मग दर रविवारी येऊ का हितं? गणितापुरतं?"

म्हाळूनं राजश्रीकडं पाहिलं. ती म्हणाली, "येऊ द्या. पण वही आणायची. आन् केसाला तेल कमी."

अशा रीतीनं घर रिकामं करायला निघालेल्या झुंबरबाईनं वर्ग दुप्पट करून ठेवला. साडी तिनं परत नेली. नारळ तेवढा फोडला, आणि खोबरं पहिल्यांदा गुरुजींच्या हातावर ठेवलं.

फॉर्म त्याच आठवड्यात दौंडला गेला. परीक्षेला साडेचार महिने उरले होते. बीजगणित निम्मं झालं होतं. भूमितीचं पुस्तक मात्र अजून उघडलेलं नव्हतं, कारण आकृत्या गाईडाशी ताडून बघणं म्हाळूला जमत नव्हतं.