सुमन गंगाराम तांबे, विद्यार्थिनी

आमच्या शेजारची सुमनमावशी कुणालाच एकदा हाक मारत नाही. तीनदा मारते, तीही पूर्ण नावाने. "रेश्मा दत्ताराम शिगवण हाजिर! रेश्मा दत्ताराम शिगवण हाजिर! रेश्मा दत्ताराम शिगवण हाजिर!" एवढं झाल्यावर मी धावत कुंपणाशी जावं, तर ती म्हणणार, "कोथिंबीर हाय का गो?"

तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही, तर मात्र संपलं. मग तुम्ही 'गैरहजर'. नंतर समोर जाऊन उभं राहिलात तरी उपयोग नाही. एकदा मी न्हाणीघरात होते म्हणून ओ द्यायला उशीर झाला. त्या दिवशी तिने केलेल्या पुरणपोळ्या आमच्या घरी आल्याच नाहीत. "पुकारा झाला होता. नोंद घे," एवढंच म्हणाली. तिच्या मांजराचं नाव मनी. तिलासुद्धा ती "मनी सुमन तांबे हाजिर!" अशीच बोलावते, आणि मनी दुसऱ्याच हाकेला येते. तिची कधी गैरहजेरी लागलेली मी पाहिली नाही.

मावशी तालुक्याच्या कोर्टात शिपाई होती. तीस-बत्तीस वर्षं दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली. लग्न केलं नाही. घरात ती आणि तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आई. सगळी आळी त्या म्हातारीला आये म्हणते. नोकरीत असतानाच मावशीने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तेही आम्हाला पेढे आले तेव्हाच कळलं. पुढे साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली. सत्काराची शाल खांद्यावर होतीच, तशीच ती माझ्या दुकानात आली. म्हसळ्याला एस.टी. स्टँडच्या मागे माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे.

"रेश्मा," ती म्हणाली, "वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भर."

"कुणाचा?"

"अर्जदार समोर हजर हाय. नोंद घे."

मला वाटलं, निवृत्तीचं दुःख डोक्यात गेलं. पण तिने परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी दुकानात सहा पोरं होती. त्यांना बाजूला सारून ती स्क्रीनला नाक लावून उभी राहिली. पान उघडेना, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मी म्हटलं, मावशी, बस जरा. ती बसेना. पान उघडलं, आणि मी ओरडलेच. पास! मावशी ओरडली नाही. तिने त्या सहाही पोरांचे निकाल आधी बघायला लावले, आणि सगळे झाल्यावर मला म्हणाली, "आता माझा पुन्हा एकदा दाखव." पुढे पंधरा दिवस ती रोज यायची आणि तेच पान उघडून घ्यायची.

जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तिचं नाव लागलं. प्रश्न फीचा होता. पेन्शनमधलं बरंचसं आयेच्या औषधांना जायचं, आणि वादळात उडालेल्या छपराचं कर्ज अजून फिटायचं होतं. अलिबागचा एक न्यास कायदा शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांची फी भरतो, असं मला इंटरनेटवर सापडलं. वयाची अट कुठेच नव्हती. मावशीने नियमांची सगळी पानं मोठ्याने वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट, आणि शेवटी टेबलावर थाप मारली. "अट न्हाय म्हणजे मनाई न्हाय. भर!"

नाव भरलं, पत्ता भरला आणि जन्मवर्षाशी गाडी अडली. वर्षांची यादी खाली खाली सरकवत गेलो, तर मावशीच्या जन्माच्या वीसएक वर्षं अलीकडेच ती संपली. त्याआधी जन्मलेलं माणूस शिकायला निघेल, हे यादी करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

"मी जन्मलेच न्हाय की काय?" मावशी म्हणाली. मग खुर्ची ओढून तिथेच कागदावर अर्ज लिहिला: 'अर्जदार विधिवत जन्मलेली असून शाळा सोडल्याचा दाखला सोबत जोडला आहे. सबब, वर्षांची यादी मागे वाढवून मिळावी, ही विनंती.' रजिस्टर पोस्टाने पाठवला.

चार दिवसांनी न्यासाच्या ऑफिसातून फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"तांबेबाई, विद्यार्थिनीचं नाव काय?"

"सुमन गंगाराम तांबे."

"ते तुमचं झालं. मुलीचं?"

"मीच मुलगी हाय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या माणसाने हळूच विचारलं, "खरंच?" मावशी म्हणाली, "व्हय. शपथेवर सांगू?" तो हसायलाच लागला. "नको नको. उद्यापर्यंत करतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी दर तासाला मावशी दुकानात. दुपारी तीनला मी यादी खाली ओढली आणि ती संपेचना! पार स्वातंत्र्याच्या आधीपर्यंत गेली. मावशीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की संध्याकाळपर्यंत चुणचुणत होतं. "बघ, बघ! आता आयेपन अर्ज करू शकते!"

आयेचं कामही होतंच, कारण पुढचा रकाना होता पालकांच्या संमतीचा. फॉर्म घेऊन आम्ही घरी गेलो. आये अंगणात पाटावर बसून कोंबड्यांवर ओरडत होती.

"आये, मला कॉलेजात पाठवतेस का? सही लागते."

आयेने डोळे बारीक केले. "पोरं बरोबर असतील का?"

"असतील की."

"मंग नीट ऱ्हा. आनि भाकऱ्या थापून जायाचं."

प्रौढ साक्षरता वर्गात आये सही शिकली होती. तिला कुणी अंगठ्याची शाई दाखवली तर खपत नसे. तिने पेन मुठीत धरलं आणि पार्वती लिहायला घेतलं. पहिल्या फॉर्मवर 'पा'च चौकटीबाहेर गेला. दुसऱ्यावर 'र्व' इतका खाली उतरला की संमतीची तारीख झाकली. तिसऱ्या वेळी मी मोठी चौकट छापून आणली, आणि त्यात पार्वती अगदी ऐसपैस बसली. सही झाल्यावर आयेने फॉर्म सोडला नाही. उन्हात धरून पुन्हा पुन्हा बघत बसली.

शेवटी एक निबंध होता: 'मला कायदा का शिकायचा आहे?' तो मावशीने घरी हाताने लिहिला आणि पालथा घालून माझ्यापुढे ठेवला. "हा गोपनीय. स्कॅन कर, पन वाचायचा न्हाय." मी खरोखरच तोंड फिरवून स्कॅन केला. काळा कोट घालायची हौस, एवढंच त्यात असणार, अशी माझी खात्री होती.

अलिबागला मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबतीला मी गेले. मावशीने निळी साडी नेसली होती आणि छातीशी फाइल धरली होती. बाहेर बाकावर बसलेली मुलं तिला कुणाची तरी आई समजत होती. आत तीन विश्वस्त होते. "ही माझी सोबतीण, आत येऊ दे," असं मावशीनेच सांगितलं, म्हणून मीही मागच्या खुर्चीवर बसले.

"कोर्टात काय काम होतं तुमचं?" एका गृहस्थांनी विचारलं.

"हाका मारायचं."

"आणि शिक्षण संपेल तेव्हा तुम्ही चौसष्टच्या आसपास असाल. किती वर्षं वकिली होणार?"

"आये चौऱ्याऐंशीची हाय, साहेब, आजून कोंबड्या वळते. माझी वीस वर्षं कुठं गेली न्हाईत."

तिघेही हसले. मग मधल्या बाईंनी चष्मा लावला. त्या स्वतः जुन्या वकील. "निबंध वाचला तुमचा. इथे वाचू का?" मावशीने मान खाली घातली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

बाई वाचू लागल्या. 'आगरदांड्याच्या जेट्टीवर सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईची घराच्या जागेची केस होती. तिचं नाव मीच पुकारलं. निकाल लागला तेव्हा कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ताई, मी जिंकले का हरले? कागद इंग्रजीत होता. मला वाचता आला नाही. मला लाज वाटली, म्हणून मी म्हणाले, वकिलांना विचार, मला वेळ नाही. तिचे वकील त्या दिवशी आले नव्हते. ती कोर्ट बंद होईपर्यंत बाकावर बसली आणि निघून गेली. ती हरली होती. वर दाद मागायला मुदत असते, ती मुदत तिने घरी बसून घालवली. मला वेळ होता.'

बाईंनी चष्मा काढला. "जरा बाहेर बसा," एवढंच म्हणाल्या. अर्ध्या तासाने शिपाई आम्हाला पुन्हा आत घेऊन गेला. तिन्ही वर्षांची फी न्यास भरणार होता! मी खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवल्या. मावशीने तिघांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

परत जाताना ती म्हणाली, "किनाऱ्यानं जाऊ." मुरूडची गाडी पकडली. काशीदला समुद्र दिसला तसं तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कंडक्टरचा ओरडा खाल्ला. मग मुरूडला गाडी बदलून आगरदांड्याला उतरलो. पलीकडे म्हसळ्याच्या बाजूला नेणाऱ्या बोटीला वेळ होता. जेट्टीच्या तोंडाशी एक बाई सुक्या मासळीची, सुकटाची पाटी घेऊन बसली होती. मावशी तिच्यापुढे जाऊन उकिडवी बसली.

"आलीस ताई? या बाजाराला चुकलीस."

"काम होतं गो. पावशेर दे."

कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक असावं, तसं त्या बाईने न विचारता चांगलं सुकट वेगळं काढलं. कोर्टाच्या दारात उभी असलेली शिपाई तिला आठवत होती की नाही, कोण जाणे. मावशीने तो विषय काढला नाही.

"आज लई खुशीत दिसतेस?" बाईने विचारलं.

"कॉलेजात नाव घातलंय."

बाई खळखळून हसली. "या वयात? काय शिकणार गो?"

मावशीने पुडी हातात घेतली. "कागद वाचायला," ती हळू आवाजात म्हणाली.

बाईने पाटीतलं आणखी मूठभर सुकट तिच्या पुडीत टाकलं. "मंग शीक," म्हणाली.