डेअर, डी आणि डास

प्रत्येक वस्तूला लिंग असतं, आणि ते वस्तूकडे पाहून कळत नाही. हे सत्य जर्मन माणूस आईच्या दुधाबरोबर पितो. बाकीच्यांना ते संध्याकाळच्या वर्गात, फी भरून प्यावं लागतं. स्कर्ट हा 'डेअर', म्हणजे पुरुष. टाय ही 'डी', म्हणजे बाई. कवळी 'डास', म्हणजे ना धड इकडची ना तिकडची (ती रात्रभर पाण्यात एकटी का पडून असते, ते यावरून कळावं). यात तर्क शोधणाऱ्याला भाषा येत नाही, आणि भाषा येणारा तर्क शोधत नाही. इतकी स्वच्छ व्यवस्था मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

कासेलजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या कार्यालयात मी कैक वर्षं काम करतोय. तिथे मनाना लोमिद्झे ही बाई जॉर्जियातून आली. तिकडे कुतैसीच्या इस्पितळात ती मुख्य नर्स होती. तिच्या मायबोलीत लिंगच नाही. तो, ती, ते या सगळ्यांना मिळून एकच शब्द. (तरीही तिकडे लग्नं होतात, पोरं होतात. कशी, याचा अभ्यास व्हायला हवा.) अशा भाषेतून आलेली नर्स आमच्याकडे जर्मनची परीक्षा पास होईपर्यंत मदतनीसच राहणार, हे ओघानंच आलं.

काम मात्र तिचं चोख. तिघा-चौघांना न जुमानणारे म्हातारे ती एकटी हसवत हसवत बिछान्यातून उठवायची. पण उठवून 'डी' खुर्चीवर बसवायची, आणि खुर्ची तर 'डेअर'!

"फ्राउ लोमिद्झे!" हेर टीडेमन ओरडायचे. ('फ्राउ' म्हणजे श्रीमती, 'हेर' म्हणजे श्रीयुत.) हे निवृत्त जर्मनचे मास्तर. शाळेतल्या तीन पिढ्यांच्या वह्या लाल करून आमच्याकडे विश्रांतीला आले होते, पण विश्रांती काही त्यांना मानवत नव्हती. "मी वाटेल त्यावर बसत नसतो. खुर्ची पुरुष आहे!"

"मग जपून बसा, हेर टीडेमन. तुमचं वजन बघता बिचाऱ्याचं काही खरं नाही."

मास्तर हसू दाबून तिला त्या 'डेअर'चं पुढे विभक्तीप्रमाणे 'डेन' आणि 'डेम' कधी होतं ते समजावून सांगत. सूप गार होई. आश्रमात त्यांच्याशी एवढा वेळ भांडणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण सगळेच असे रसिक नसतात. एका आजींच्या लेकीनं लेखी तक्रार केली, की आईला चुकीच्या लिंगाच्या चमच्यानं सूप भरवलं जातं. (आईनं सूप संपवून आणखी मागितलं, हेही तिनं प्रामाणिकपणे नमूद केलं होतं.) आमच्या संचालिका फ्राउ ब्र्योमर यांनी मनानाला बोलावून घेतलं. "तुमचं काम सोन्यासारखं आहे हो. पण आणखी एक तक्रार आली, तर माझा नाइलाज होईल."

नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की कुतैसीत आजीपाशी ठेवलेली लेक तिथेच राहते. एवढं व्याकरण मनानाला पक्कं येत होतं.

मग संध्याकाळच्या वर्गात तिला तो नियम सापडला. शब्दाच्या शेपटीला 'शेन' लावलं (शेण नव्हे, परिणाम तोच, सगळं सारवून सपाट), की वस्तू इवलीशी होते आणि तत्क्षणी 'डास' होते. अपवाद नाही! दुसऱ्या दिवसापासून मनाना सुपुकलं वाढू लागली, उशुकलं सारखं करू लागली, गोळुकलं गिळवू लागली. चूक औषधालाही सापडेना. हेर टीडेमनना तिनं 'हेरशेन' करून टाकलं. जर्मनमध्ये हा शब्द फक्त कुत्र्याच्या धन्याला लावतात.

"मी तुमचा धनी, म्हणजे तुम्ही माझं कुत्रं का?" मास्तर लालबुंद झाले.

"भुंकता तर तुम्ही, हेरशेन."

त्या महिन्यात तपासणी झाली. तपासनीसबाईंनी 'वृद्धांशी वात्सल्यपूर्ण संवाद' या सदरात आम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले. फ्राउ ब्र्योमरनी लगोलग सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी 'शेन'चं प्रशिक्षण ठेवलं. माझ्या पगाराचंही पगारुकलं झालं (ते आधीपासूनच होतं, आता अधिकृत झालं).

आणि एका सकाळी न्याहारीच्या वेळी टीडेमनांच्या हातून कप पडला. तोंडाची एक बाजू ओघळली. मनानानं एका नजरेत ओळखलं. कुतैसीत तिनं असे कितीतरी पाहिले होते. आमच्या नियमानुसार मदतनीसानं आधी डॉक्टरांना विचारायचं, मग ॲम्ब्युलन्स. तिनं फोन लावला. समोर फ्राउ ब्र्योमर उभ्या होत्या. पक्षाघाताचा झटका 'डेअर', 'डी' की 'डास', हे त्या घाईत तिला आठवेना. तिनं खात्रीचा मार्ग धरला.

"डॉक्टर, हेर टीडेमनना झटकुलं आलंय."

"झटकुलं होय?" डॉक्टर म्हणाले. "मग पडू द्या जरा, पाणी पाजा. दवाखाना आटपून येतो."

"नाही नाही, आत्ता या! मोठं झटकुलं आहे! फार मोठं झटकुलं!"

"अहो, मोठं की झटकुलं, एक काय ते ठरवा."

तेवढ्यात टीडेमनांनी धड असलेला हात पुढे करून फोन ओढला आणि वाकड्या तोंडानं, उरलासुरला जीव एकवटून ओरडले, "डेअर! *डेअर* झटका!"

ॲम्ब्युलन्स लगेच आली. मास्तर वाचले.

पुढे रीतसर चौकशी समिती बसली. तिनं फोनचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून निष्कर्ष काढला, की फ्राउ लोमिद्झे यांनी वापरलेलं रूप नपुंसकलिंगी असून व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. सबब कोणाचीही चूक नाही. डॉक्टरांची नाही, नियमाची नाही, संचालिकांची तर नाहीच नाही. प्रकरण बंद झालं.

मास्तर परत आले ते 'डेअर', 'डी', 'डास' ही उपपदं गमावून. मेंदूतला नेमका तो कप्पा गेला, असं इस्पितळातल्या लोकांनी सांगितलं. फोनवरचं ते 'डेअर' त्यांचं शेवटचं. आता ते म्हणतात, "सूप. चमचा. मनाना, बस." तीही म्हणते, "खुर्ची. बसते. खा." दोघांचं एकमेकांना सगळं समजतं. परवा मात्र त्यांनी चमचा वर धरला, ओठ बराच वेळ हलवले, आणि काही आलं नाही तेव्हा ते रडले. मनानानं डोळे पुसले. आधी त्यांचे, मग आपले. तिथे दुरुस्त करायला कुणीच नव्हतं.

वसंतात मनाना परीक्षा पास झाली. मुलगी उन्हाळ्यात येतेय.

जर्मन माणसांना हसून झालं असेल, तर एक विचारतो. तुमच्या आईला सांभाळायला ठेवलेली ती झारखंडची मुलगी धावत बाहेर आली आणि म्हणाली, "आजीला ताप आली," तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात.

कोणाच्या?