वेल्डर किती खातो?

गल्लीत त्यांना सगळे लगेचराव म्हणत. कुठलंही काम सांगा, ते तोंडभरून "लगेच करतो" म्हणत आणि मग ते काम महिनाभर निवांत पडून राही. (ऑफिसातल्या त्यांच्या टेबलावर फायलींची वस्तीच झाली होती.)

या खेपेचं काम कठड्याचं होतं. आई खुब्याचं ऑपरेशन करून आज चार वाजता घरी यायची होती आणि दारापुढे तीन पायऱ्या होत्या. "चढताना उजव्या हाताला भक्कम आधार पाहिजे. पुन्हा पडल्या तर अवघड होईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर लगेचराव "लगेच" म्हणाले, त्याला तेवीस दिवस झाले. वडील असते तर एव्हाना कठडा बसून त्याला रंगाचा दुसरा हातही देऊन झाला असता. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांची हत्यारांची पेटी अजून पलंगाखालीच होती.

काल संध्याकाळी वेल्डर येऊन पायऱ्यांवर लोखंडी पट्ट्या आवळून गेला होता. कुठल्या बाजूला, असं त्याने विचारलं तेव्हा लगेचरावांनी दारात उभं राहून, रस्त्याकडे तोंड करून, ऐटीत उजवा हात पसरला होता. "या बाजूला!"

आज फक्त पाइप जोडायचे होते. वेल्डरने मशीन मांडलं, वायर लावली आणि वीज गेली. दुरुस्तीसाठी, पाच वाजेपर्यंत.

"काका, उद्या येतो."

"उद्या? आई आज येतेय! जनरेटर आणू, त्यात काय!"

लगेचरावांनी जनरेटरवाल्याला फोन लावला. "जनरेटर पाहिजे. वेल्डर चालवायचाय."

"चालेल की. केवढा आहे वेल्डर?"

लगेचरावांनी वेल्डरला आपादमस्तक न्याहाळलं. "तसा बारीकच आहे."

"किती खातो?"

"काही नाही हो. डबा आणलाय त्याने."

जनरेटरवाल्याने पुन्हा विचारलं, "सुरू होताना झटका देतो का?"

"छे, छे! स्वभावाने अगदी शांत."

गिऱ्हाइकाला कामगारासाठी एक पंखा चालवायचा असावा, असा जनरेटरवाल्याने अर्थ काढला आणि एका हातात मावेल एवढा जनरेटर पाठवून दिला. लगेचरावांनी तो फाटकाशी ठेवला आणि त्याची दोरी आठ वेळा ओढली. नवव्यांदा जनरेटर सुरू झाला आणि लगेचराव खाली बसले. वेल्डरने वेल्डिंगची काठी पाइपला टेकवली. एक ठिणगी उडाली. जनरेटरने घर्र केलं, मग भुर्र केलं आणि मान टाकली.

"काका, हा लोड उचलत नाही."

"मग आधी नाही का सांगायचं! मी उचलतो," म्हणत लगेचरावांनी पाइपाचं एक टोक धरलं.

वेल्डरने त्यांच्या खिशातला फोन काढून जनरेटरवाल्याला लावला आणि तो त्याच्याशी अर्धा मिनिट नुसत्या आकड्यांत बोलला. अडीच वाजता जनरेटरवाला जातीने हातगाडीवरून मोठा जनरेटर घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "तो शांत स्वभावाचा वेल्डर कुठाय? मला बघायचाय."

मोठ्या जनरेटरने पहिल्याच झटक्याला सूर धरला. ठिणग्यांचा नुसता सडा पडू लागला. तेवढ्यात हॉस्पिटलमधून बायकोचा फोन आला. "अहो, निघतोय आम्ही. कठडा झाला ना?"

"लगेच!" म्हणून लगेचराव घरात पळाले. आईला उतरवून घ्यायला चुरगळलेल्या शर्टात कसं उभं राहायचं? एवढा मोठा जनरेटर, त्याला एक इस्त्री जोडली तर काय बिघडतंय? वायर आत ओढून त्यांनी शर्टाची पाठ पसरली, इस्त्री टेकवली, तोच बाहेरून हाक आली, "काका, पाइप धरा!"

"लगेच!" ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर लगेच गेले.

आता ठिणगी मधेच भडके, मधेच मलूल होई. वेल्डर वैतागला. "तुमचा जनरेटर दमलाय."

"तो दमत नसतो," जनरेटरवाला म्हणाला. "आणखी कोणीतरी खातंय त्याच्यावर."

"घरात मी एकटा," लगेचराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "आणि मी सकाळपासून उपाशी आहे."

वेल्डरने नाक वर केलं. "काका, हा वास लोखंडाचा नाही."

शर्टाच्या पाठीवर मधोमध होडीच्या आकाराचं भोक पडलं होतं. लगेचरावांनी प्लग उपटला, तसा जनरेटरने मोकळा श्वास घेतला. चारला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा जोड बसला. बादलीभर पाणी ओतून कठडा गार केला. दुसरा धुतलेला शर्ट नव्हता, म्हणून लगेचरावांनी तोच घातला. (समोरून छान दिसत होता. पाठ कोणाला दाखवायची नाही, एवढंच ठरवलं.)

टॅक्सी आली. सुनेच्या आधाराने आई पायऱ्यांपर्यंत आली आणि तिने उजवा हात पुढे केला. उजवीकडे नुसती हवा होती. कठडा डावीकडे चमकत होता.

"काकांनी हात दाखवला तसा बसवला," वेल्डर पुटपुटला.

लगेचरावांचा चेहरा उतरला. तेवीस दिवस, दोन जनरेटर आणि एक शर्ट, सगळं चुकीच्या बाजूला गेलं होतं.

आईने कठडा नीट बघितला. "काम झकास झालंय. पण हा बाहेर जातानाच्या उपयोगाचा. मी आत यायच्या आधीच मला बाहेर काढायचा बेत केलास होय रे?"

"आई, मी..."

"तुझे बाबाही असेच. बाथरूमची कडी बाहेरच्या बाजूला बसवली होती त्यांनी. आठ वर्षं मी आत गाणी म्हणत अंघोळ केली, कोणी येऊ नये म्हणून." आई हसायला लागली ती थांबेचना. सून हसली, वेल्डर हसला. "ये, असा उजवीकडे उभा राहा. हलू नकोस."

तिने त्यांच्या खांद्यावर भार टाकला. एक पायरी. दुसरी. लगेचराव श्वास रोखून खांबासारखे ताठ.

"उचलला बरं का काकांनी लोड!" वेल्डर ओरडला.

तिसऱ्या पायरीवर आईचा हात खांद्यावरून पाठीवर घसरला आणि एकदम थबकला.

"अगं, या कठड्याला भोक आहे," आई सुनेला म्हणाली. "तो वेल्डर गेला नाही ना? थांबव त्याला."