गायधनींच्या गाडीची प्रकृती

धूरतपासणीपूर्वी मोटारीला कडुनिंबाच्या सावलीत अर्धा तास विसावा देणारा आणि तिच्या बॉनेटवर गार पाण्यात पिळलेला पंचा घालणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. गोविंदराव गायधनी. हिरावाडीतल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर. गेली बावीस वर्षे त्यांच्याविषयी जे सांगितले जाते, त्यातले निम्मे खोटे आणि उरलेले चुकीचे असते.

परवाच्या पीयूसीचीच हकीकत घ्या. आमचे सचिव देशमाने सांगत फिरतात की, गायधनींनी शेजारच्या नव्या गाडीच्या धुरावर आपले प्रमाणपत्र मिळवले. दुसरा मजला म्हणतो, त्यांनी तपासणाऱ्या बाईंना रडवले. यांपैकी कोणीही तेथे नव्हते. मी होतो, मागच्या आसनावर, मांडीवर पाण्याची बाटली आणि राखीव पंचा घेऊन. तेव्हा मी लिहितो आहे तेच प्रमाण मानावे.

गायधनी तीस वर्षे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधांच्या पुड्या बांधता बांधता त्यांनी साऱ्या सृष्टीचे निदान करून टाकले. नळाला पाणी कमी आले तर तो अशक्तपणा, लिफ्ट अडकली तर तो मलावरोध. घरच्या पंचवीस वर्षांच्या लाल मोटारीचा तर त्यांनी केसपेपरच ठेवला आहे. “प्रकृती पाहूनच घ्यावं लागतं, नाना,” हे त्यांचे पालुपद. प्रकृती पाहून ते घाट टाळतात, दुपारचे ऊन टाळतात, द्वारका चौक टाळतात. तिथली वाहनकोंडी पाहता द्वारकेबद्दल मात्र त्यांना कोणी नावे ठेवू नयेत.

या खेपेस प्रसंग बाका होता. गाडीची नोंदणी पुन्हा करून घेण्याची मुदत आठवड्यावर आली होती आणि पीयूसीवाचून अर्ज पुढे सरकत नव्हता. दोनदा गाडी नापास झाली होती. पुण्याच्या मुलाने फोनवर बजावले होते, “बाबा, आता नाही झालं तर मी सरळ भंगारवाल्याला पाठवतो.” त्यानंतर दोन दिवस गायधनींनी दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी ते गुळगुळीत चेहऱ्याने माझ्या दारात उभे राहिले.

“नाना, प्रेशर बघण्याआधी डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं स्वस्थ बसवतात की नाही? धावत आलेल्याचं चढलेलंच दिसणार. हिचं तेच होतंय. दमलेली असतानाच नळी घालतात.”

हा सिद्धांत मला बिनतोड वाटला, हे मी लपवत नाही. बांधकामाच्या व्यवसायात मी पस्तीस वर्षे काढली आहेत. याहून कच्च्या सिद्धांतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत आजही लोक सुखाने राहतात.

पेठ रोडवरच्या तपासणी केंद्राबाहेर आम्ही गाडी निजवली. पंचा दोनदा बदलला. मग गायधनींनी ती सुरू केली, बाईंनी सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि आकडा पाहून मान हलवली.

“काका, मागच्या वेळेपेक्षा जास्त आलंय.”

“नळी काढा. घाबरलीय ती.”

“कोण?”

“गाडी.”

“काका, तुमच्यामागं सात रिक्षा उभ्या आहेत.”

“रिक्षांचं काय, त्यांची प्रकृती दणकट.”

मागचा रिक्षावाला म्हणाला, “बाबा, तिला सलाईन लावा नायतर बाजूला घ्या. आम्हाला पण पोट हाय.”

तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते हसून आले, याची दुसऱ्या मजल्याने नोंद घ्यावी.

गाडी बाजूला घेतल्यावर गायधनींनी खिशातून फोन काढला. मला वाटले, ते मेकॅनिकला बोलावतील. त्यांनी घरी फोन लावला. “ऐक,” एवढेच म्हणाले, खाली उतरले, बॉनेट उघडले आणि चालू इंजिनासमोर फोन धरून उभे राहिले.

ही गाडी गायधनींची नव्हे, हे इमारतीतल्या नव्या भाडेकरूंना ठाऊक नाही. ती त्यांच्या पत्नीच्या, कुसुमवहिनींच्या नावावर आहे. दिंडोरीच्या शाळेत गणित शिकवायला त्या वर्षानुवर्षे ती स्वतः चालवत गेल्या आणि जाताना नवऱ्याला दवाखान्याशी उतरवत. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. तोवर गायधनींना गाडी चालवणे माहीत नव्हते. त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी परवाना काढला. रोज सकाळी ते वहिनींच्या खिडकीखाली दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतात, आणि देशमाने त्याची लेखी तक्रार करतात. वहिनी आतून ऐकतात आणि काय आवळायचे, काय सैल करायचे ते सांगतात. मला हे ठाऊक आहे, कारण मी वर राहतो आणि माझे कान शाबूत आहेत.

गायधनींनी फोन कानाला लावला. बराच वेळ ‘हं, हं’ केले. मग चेहरा पाडून माझ्याकडे वळले.

“गार पडलीय म्हणते. तापल्याशिवाय पेट्रोल नीट जळत नाही, धूर वाढतो. म्हसरूळपर्यंत पळवून आणा, म्हणते, आणि गरम असतानाच नळी घाला.” पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, “पंचा कशाला घातला, असंही विचारलं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“नानांनी घातला, म्हणालो.”

हे असत्य होते. तरी मी त्या वेळी वाद घातला नाही. ज्यांनी कधी तिशीच्या पुढे काटा नेला नव्हता, ते गायधनी म्हसरूळच्या रस्त्यावर पन्नासने निघाले. परत आल्यावर नळी आमच्याच सायलेन्सरमध्ये गेली. मी तिच्याजवळ उभा होतो. देशमान्यांनी हवे तर माझी साक्ष घ्यावी.

“पास, काका,” बाई म्हणाल्या, आणि मागचा रिक्षावाला म्हणाला, “सुटली बघा बाळंतीण.”

घरी वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. गायधनींनी कागद त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि शेवटच्या तारखेवर बोट ठेवले.

“सहाच महिने?” शब्द जड होते, पण कळत होते.

“पुष्कळ झाले. स्टिअरिंगला तुझा उजवा हात पुरतो. गिअर मी टाकीन, शेजारी बसून.”

वहिनींच्या डाव्या बाजूबद्दल डॉक्टरांनी काय सांगितले आहे, ते इमारतीत सर्वांना माहीत आहे. तीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या माणसाला तर सर्वांत जास्त.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. “आणि क्लच?”

गायधनी पायथ्याशी बसले. पांघरूण सारून त्यांनी वहिनींचे डावे पाऊल उचलले आणि आपल्या तळहातावर टेकवले.

“दाब,” ते म्हणाले.

मी दार ओढून घेतले. जिना चढताना मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. घाई नव्हती, दवाखान्यात पुड्या देताना असेल तसाच तो होता. “हं. पुन्हा दाब.”