हौसा भेकरीण आणि दोन काठांवरच्या दोन गाड्या

बाळांनो, तुम्ही धपकन पडलात, तर धावत येणारा माणूस तुम्हाला पहिला प्रश्न कोणता विचारतो?

"लागलं का?" असंच ना? मग तुम्ही नशीबवान आहात. कारण एका जंगलात, आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या जंगलातसुद्धा, पहिला प्रश्न वेगळा होता. तिथे विचारायचे, "राहता कुठे?"

एका जंगलाचं नाव करंजरान. दुसऱ्याचं जांभूळरान. दोघांच्या मधून एक ओढा वाहायचा.

दोन्ही जंगलं फार सुधारलेली होती. दोघांकडे एकेक रुग्णवाहिका होती. म्हणजे एक दांडगा गवा, त्याच्या मागे वेलींनी बांधलेली माडाची झावळी, आणि गव्याच्या शिंगावर बसलेली एक टिटवी. गवा झावळी ओढायचा. टिटवी ओरडायची, म्हणजे वाटेतले सगळे बाजूला होत. या सगळ्याला रुग्णवाहिका असं कुणी म्हणत नसे. सगळे नुसतं गाडीच म्हणत.

गाडीला खर्चही यायचा. गव्याला एक पाटी हिरवा चारा लागे. टिटवीच्या घशासाठी द्रोणभर मध लागे. म्हणून दोन्ही जंगलांनी एक नियम केला होता. नियम फार चांगला होता. इतका चांगला की दोघांनी तो अगदी सारखाच केला होता.

रहिवाशाला गाडी फुकट. पाहुण्याचा खर्च पाहुण्याच्या जंगलाने द्यायचा.

आहे की नाही सोपं? मलाही सोपंच वाटलं होतं.

तर एका दुपारी काय झालं, हौसा भेकरीण माहेरी निघाली. भेकर म्हणजे लहानसं हरीण, भुंकल्यासारखं ओरडणारं. हौसाचं माहेर करंजरानात आणि सासर जांभूळरानात. लग्नाला चार पावसाळे झाले होते. आईला आवडतात म्हणून तिने पानात जांभळं बांधून घेतली होती. पुडा तोंडात धरून ती ओढा ओलांडत होती. मधल्या दगडावर शेवाळ होतं. तिचा पाय सटकला आणि ती ओढ्याच्या मधोमध, वाळूच्या बेटावर पडली. मागचा उजवा पाय कट्‌कन वाजला.

हौसा भुंकली. दोन्हीकडून टिटव्या ओरडल्या. आणि पाहा, दोन्ही गाड्या धावत आल्या. एक या काठावर थांबली, एक त्या काठावर. अशी सोय आपल्या गावातसुद्धा नाही.

करंजरानाच्या गाडीबरोबर कारभारी खवलेराव आले. ते खवल्या मांजर होते. स्वभावाने अगदी मऊ. पण अवघड प्रश्न आला की ते अंगाचं वेटोळं करून गोल होत आणि प्रश्न जाईपर्यंत तसेच पडून राहत. जांभूळरानाच्या गाडीबरोबर साळिंदरबाई आल्या. त्या पाठीवरचाच एक काटा उपटून लिहीत. त्यामुळे त्यांच्या कचेरीत लेखणी नाही म्हणून काम अडलं, असं कधी झालं नाही. दुसऱ्या कारणांनी अडायचं.

"हौसे, अगं किती दिवसांनी दिसतेस," खवलेराव काठावरून म्हणाले. "राहतेस कुठे?"

"काका, माझा पाय मोडलाय."

"ते दिसतंय गं. राहतेस कुठे?"

आता त्या पायाचं ऐका. टेकडीवर एक म्हातारी अस्वलीण राहत होती. ती हाडवैद्य होती. कसलंही हाड चुटकीसरशी बसवायची. पण दिवस मावळला की तिला दिसायचं नाही. आणि रात्रभर तसाच राहिलेला पाय सुजतो, मग तो वाकडाच बसतो. वाकड्या पायाचं भेकर पळत नाही. आणि जे भेकर पळत नाही, त्याच्याकडे बिबट्याचं फार लक्ष असतं.

हौसाला हे सगळं ठाऊक होतं. तिने सूर्याकडे पाहिलं. तो टेकडीच्या दोन हात वर होता.

"काका, मी करंजरानात जन्मले," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर."

"जन्मलीस ना. बारशाच्या घुगऱ्या मीच खाल्ल्या," खवलेराव म्हणाले. "पण तुझं लग्न झालं. लग्नाचंही आम्ही जेवलो. ज्या दिवशी जेवलो, त्या दिवशी तू जांभूळरानाची झालीस. आता तू आमची पाहुणी. पाहुण्याचा खर्च त्याच्या जंगलाकडे. काय हो, साळिंदरबाई?"

साळिंदरबाईंनी पाठीवरचा एक काटा उपटला.

"सूनबाई आमची आहे, त्यात वाद नाही," त्या म्हणाल्या. "पण रावसाहेब, आमच्याकडे पाच पावसाळे झाल्याशिवाय रहिवासी म्हणून नाव चढत नाही. हिचे चारच झालेत. तोवर ती आमच्याकडे पाहुणी. खर्च तुमच्याकडे."

"जवळ पुडा आहे तिच्या. माहेरी पाहुणी म्हणून निघालेलीच पुडा नेते."

"स्वतःच्या घरी निघालेलीही नेते. मी नेते की."

"मी दोन्ही घरी काम करते," हौसा म्हणाली. "तेव्हा कुणी विचारत नाही मी कुठली."

त्यावर खवलेराव थोडेसे गोल झाले. पण नियमात त्याला उत्तर नव्हतं, म्हणून ते पुन्हा सरळ झाले.

"पडताना तोंड कुणीकडे होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे," साळिंदरबाई म्हणाल्या.

"पण मोडलाय मागचा पाय. मागचा पाय तुमच्याकडे येतो."

"ओरडली ती तोंडाने. गाडी तोंडाने बोलावली."

"तोंड मोडलंय का?"

शेवटी ठरलं की मोजायचं. ओढ्याचा बरोबर मध्य काढायचा आणि हौसाचा किती भाग कुणाच्या हद्दीत पडतो ते पाहायचं. साळिंदरबाई वाळूच्या बेटावर आल्या. त्यांनी पाठीवरचे काटे उपटून हद्दीवर एका रांगेत रोवले. टोकं वर. रांग हौसाच्या बरोबर पोटाखालून गेली.

"अर्धी अर्धी," साळिंदरबाई म्हणाल्या.

"मग अर्धा चारा तुमचा, अर्धा आमचा," हौसा म्हणाली. "चला ना आता."

"अर्ध्या रहिवाशाचा नियम नाही," खवलेराव हळहळून म्हणाले. "असता तर मी स्वतः तुला उचललं असतं, पोरी."

सूर्य टेकडीच्या एकच हात वर उरला. दोन्ही गवे काठावरचं गवत खात होते. टिटव्यांनी ओरडणं थांबवून एकमेकींच्या पिलांची चौकशी सुरू केली होती.

तेवढ्यात करंजाच्या झुडपातून बिबट्या आला.

घाबरू नका, बाळांनो. बिबट्याने आधी सगळ्यांना नमस्कार केला. त्याला कुठे राहता असं कुणी कधी विचारत नसे. दोन्ही जंगलांच्या रहिवाशांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यांत वर होतं. ते कुणी घातलं हे माहीत नव्हतं. काढायला कुणी गेलं नव्हतं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"ही कुणाची ते ठरवतोय, बिबटेसाहेब," खवलेराव म्हणाले. ते तीन चतुर्थांश गोल झाले होते.

"तुमची आहे?"

"नाही."

"बाई, तुमची?"

"नाही, साहेब. म्हणजे अजून एक पावसाळा नाही."

"मग ही माझी," बिबट्या म्हणाला. "घ्या लिहून."

साळिंदरबाईंना सांगितलेलं लिहून घ्यायची सवय होती. त्यांनी लिहून घेतलं. खवलेरावांनी वेटोळ्यातूनच एक नख बाहेर काढून खाली सही केली.

हौसा उठायला गेली. उठता आलं नाही. तिने पुडा घट्ट धरला आणि डोळे मिटले.

बिबट्या ऐटीत बेटावर उतरला. तो समोर पाहत होता. खाली पाहायची त्याला सवय नव्हती. त्याने पुढचा पंजा टाकला तो बरोबर हद्दीवर. काटा आत गेला.

बिबट्या जे ओरडला ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची आई मला बोलेल.

मग काय विचारता. दोन्ही गवे पाण्यात उतरले. दोन्ही टिटव्या घसा फुटेस्तोवर ओरडू लागल्या.

"आमचे रहिवासी," खवलेराव सरळ होत म्हणाले. "आमच्या गाडीत घ्या."

"रावसाहेब, साहेब कालच आमच्याकडे झोपले होते. आमच्या गाडीत घ्या."

"परवा आमच्याकडे जेवले."

"कोणाला?" हौसाने डोळे उघडून विचारलं. पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

अखेर बिबट्याला करंजरानाच्या झावळीवर निजवलं. जांभूळरानाची गाडी मानाने मागून रिकामी न्यायची ठरली. दोन्ही खर्च दोन्ही जंगलांनी आनंदाने घेतले.

सूर्य टेकडीला टेकला होता.

"काका," हौसा म्हणाली, "पेशंटबरोबर घरचं एक माणूस फुकट येतं ना?"

"येतं की. नियमच आहे."

"मग बिबटेदादांचं घरचं माणूस मी. मघाशी सगळ्यांसमोर म्हणाले ते, ही माझी म्हणून. बाईंनी लिहून घेतलंय. तुमची सही आहे."

साळिंदरबाईंनी कागद पाहिला. खवलेरावांनी कागद पाहिला. कागद अगदी बरोबर होता.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," बिबट्या कण्हत म्हणाला.

"साहेब, तुम्ही बोलू नका, त्रास होईल," साळिंदरबाई म्हणाल्या. "घरचं माणूस जवळ असलेलं बरं असतं."

आणि दोघांनी मिळून हौसाला अलगद उचललं आणि मागच्या रिकाम्या झावळीवर ठेवलं. तिचा पुडासुद्धा उशाला दिला.

गाड्या टेकडीवर पोचल्या तेव्हा जेमतेम उजेड होता. म्हातारी अस्वलीण दारात बसली होती. तिने कुणालाही कुठे राहता असं विचारलं नाही.

"कुठे दुखतंय?" तिने विचारलं.

एवढं ऐकलं आणि हौसाला रडू आलं. दुपारपासून ती रडली नव्हती.

अस्वलिणीने आधी हौसाचा पाय बसवला. तो सरळ बसला. मग बिबट्याचा काटा काढला, पंजाला भलीमोठी पट्टी बांधली आणि पंधरा दिवस धावायचं नाही, नुसती पेज प्यायची असं बजावलं.

"कोण बघणार यांच्याकडे?" तिने विचारलं. "घरचं कुणी आहे?"

"मी आहे," हौसा म्हणाली. "पण मला सकाळी आईकडे जायचंय."

तात्पर्य: बाळांनो, रहिवासी असून गाडी मिळत नाही आणि पाहुणं असूनही मिळत नाही. म्हणून पडायचंच झालं, तर आपल्याला खायला निघालेल्याच्या शेजारी पडावं, आणि नातं आधी लिहून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा पायाला फळी बांधून लंगडत आईकडे पोचली, जांभळं थोडी चेंगरली होती. आणि दोन्ही जंगलांच्या कचेऱ्यांसमोर लांबच लांब रांग लागली. प्रत्येकाला घरचं माणूस म्हणून बिबट्याचं नाव लिहून हवं होतं, आणि रांगेत सगळ्यांत पुढे ससे उभे होते.