रोज एक गोळी, दुकानात येऊन

निपाणीत आमच्या आप्पा डॉक्टरांकडे पिशवीभर औषधं घेऊन गेलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन बाहेर येतो. मोठ्या दवाखान्यातून आणलेलं सगळं ते टेबलावर ओतायला लावतात, एकेक पट्टी चष्म्याजवळ धरतात आणि "बेकागिल्ल" म्हणत बाजूला सारतात. म्हणजे कन्नडमध्ये, नको. आप्पा एरवी मराठीच बोलतात, पण नकार कन्नडमधून देतात. मराठीत नको म्हटलं की लोक वाद घालतात, असा त्यांचा अनुभव.

माझं मेडिकल त्यांच्या दवाखान्याला लागूनच. डॉक्टरशेजारी दुकान आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी लगेच मुलगी दिली होती. डॉक्टर कसा आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय आजार गेल्यासारखा वाटत नाही. कोगनोळीचा एक पैलवान नुसत्या सर्दीला इंजेक्शन मागत हटून बसला. आप्पांनी त्याला सुंठीचा काढा सांगितला, आणि सुईच पाहिजे असेल तर समोर शिंपी बसतो, असंही सांगितलं.

मागच्या गल्लीतल्या सुब्बाक्काचं प्रकरण मात्र वेगळं. नवरा गेलेला, मुलगा-सून बेंगळुरूला. आज गुडघा, उद्या छाती, परवा झोप नाही. आप्पांनी सगळ्या तपासण्या केल्या, फारसं काही निघालं नाही. आधीच्या गोळ्या त्यांनी हळूहळू कमी करत आणल्या आणि शेवटी कॅल्शियमची एकच ठेवली. तीही अट घालून. पट्टी घरी न्यायची नाही. रोज सकाळी माझ्या दुकानात यायचं आणि माझ्यासमोर गिळायची.

मला याचा वैताग यायचा. गोळी एका घोटात जायची, पण आक्काच्या सुनेबद्दलच्या तक्रारी लवकर संपत नसत. आक्काला एकदम पट्टीच देऊन टाकतो, असं मी आप्पांना सांगितलं.

"गोळीचं काय न्हाय रं," ते म्हणाले. "म्हातारी आली न्हाय तर कुणाला तरी कळाय पायजे."

आणि एका सकाळी आक्का आली नाही. बरीच वाट बघून मी आप्पांच्या कानावर घातलं. पेशंटच्या तोंडात थर्मामीटर तसाच ठेवून ते अनवाणी निघाले. दार आतून बंद होतं. मी परसातून आत शिरलो. आक्का न्हाणीत पडली होती. खुबा मोडला होता, पण शुद्ध होती. गाडी येईपर्यंत आप्पा ओल्या फरशीवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

ऑपरेशन झालं. आक्का वॉकर धरून चालायला लागली, तेव्हा आम्ही दोघं तिला बघायला गेलो. मुलगा रजा काढून आला होता, त्यानंच चहा केला.

"आन् आप्पा," आक्कानं सहज विचारलं, "तुमच्याकडं कोण बघतंय?"

आप्पा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक परदेशात. बशीतला चहा निवला तरी ते फुंकर घालत राहिले.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी मला खाली याला उशीर झाला, तर जरा हाक मारशील का रं?"

मी व्हय म्हणालो. त्यांनी मान हलवली, आणि आम्ही चालायला लागलो.